तासाची पहिली दहा मिनिटं

कोल्हापूर
१८ सप्टेंबर २०२४, क्षमावणी

प्रिय अभिनंदन,

उत्तम क्षमा. दरवर्षी क्षमा मागायच्या या दिवशी एवढंच छापलेलं कार्ड तुला बंगळूरला पाठवते आणि तुझ्याकडून काही येत नाही. यंदा कार्ड आणायला बाजारात जायचं त्राणच नव्हतं, म्हणून वहीतला कागद फाडला. आता कागद मोठा आहे, तेव्हा ऐकून घे. फोन तू उचलत नाहीस. पत्र निदान दाराखालून आत तरी येतं.

अण्णा बरे आहेत. सकाळी बस्तीत भगवंताच्या दर्शनाला जाऊन येतात, सूर्य मावळायच्या आत जेवतात, पेपर वाचून सगळ्या पक्षांना सारख्याच शिव्या घालतात. मी हुपरीतली शाळा सुटल्यावर तासभर आपल्या घरी त्यांच्याजवळ बसते आणि मग कोल्हापूरची एस.टी. धरते. रात्री सोबतीला शेजारच्या चिमणाबाई असतात.

माझं म्हणशील तर बारावीला मराठी शिकवते, तेच. पोरं हुशार आहेत. घरी चांदीच्या पैंजणांना घुंगरं जोडत जोडत पाठांतर करतात आणि चांगले मार्क पाडतात. मग कोल्हापूरला कॉलेजात नाव घालतात आणि दिवाळीपर्यंत त्यातली कितीतरी परत गावात दिसायला लागतात. विचारलं की म्हणतात, "करमत न्हाय बाई." अभ्यास जड गेला म्हणून कुणी परत आलेलं मला माहीत नाही. फॉर्म कुठल्या खिडकीत द्यायचा ते विचारायची लाज वाटते, सरांचं बोलणं कळलं नाही तर दुसऱ्यांदा विचारायला जीभ उचलत नाही, आणि मग एक दिवस पोर बसमध्ये बसतं ते सरळ घरी येतं.

म्हणून मी तासाची पहिली दहा मिनिटं पुस्तक उघडत नाही. कल्पना एका प्रशिक्षणात मिळाली. फळ्यावर रोज एक प्रश्न लिहिते. परीक्षेला उशीर झाला तर दारात कुणाला काय सांगाल? वसतिगृहात शेजारच्या कॉटवरच्याचं वागणं पटत नसेल तर कसं बोलाल? शेवटी एकानं उभं राहून, त्याला खरोखर न कळलेल्या एखाद्या गोष्टीबद्दल म्हणायचं, "मला समजलं नाही, परत सांगा." त्याचे नियम आहेत. मोठ्यानं म्हणायचं, सॉरी म्हणायचं नाही, आणि उत्तर मिळेपर्यंत खाली बसायचं नाही. सुरुवातीला पोरं एवढी लाजतात की जणू मी त्यांना वर्गात नाचायला सांगितलंय.

पण माझ्याजवळचे प्रश्न आता संपत आलेत. आपल्या घरातून गाव सोडून शिकायला गेलेला पहिला तू. मी बी.ए. केलं ते रोज घरी जेवायला येऊन. तू पुण्याला इंजिनिअरिंगला निघालास तेव्हा अण्णांनी स्टँडवर तुला हार घातला होता, अर्धी गल्ली पोचवायला आली होती. दिवाळीच्या आधी परत आलास. का आलास ते अण्णांनी एकदाच विचारलं, तेही ओरडून, आणि तू सांगितलं नाहीस. मग बंगळूर गाठलंस. आई गेली तेव्हा आलास तो संध्याकाळच्या गाडीनं परत. मी त्याचा जाब मागत नाही. फक्त फळ्यावर लिहायला एक प्रश्न सुचव.

तुझी,
आक्का


कोल्हापूर
२४ नोव्हेंबर २०२४

प्रिय अभिनंदन,

पत्र परत आलं नाही म्हणजे पोचलं, असं धरून चालले आहे. अण्णा बरे आहेत.

शाळेत गोंधळ झालाय आणि घरी सांगायला जावं तर तुझे दाजी म्हणतात, तुला सांगितलं कुणी होतं नसते उद्योग करायला. म्हणून तुला सांगते. तू मधेच बोलत नाहीस, हा तुझा एक गुण आहे.

निशिगंधा नावाची मुलगी आहे माझ्या वर्गात. तिचे वडील सयाजी, घरच्या घरी पैंजणं घडवतात. अकरावीत होती तेव्हा ही मुलगी हजेरीला 'हजर' म्हणायची ते शेजारणीला ऐकू येत नसे. वही मात्र अशी लिहिते की मला तपासायला लाज वाटावी. तिला कोल्हापूरला बी.एस्सी.ला जायचंय. सयाजींचं म्हणणं, बारावी झाली की लग्न, जानेवारीत अठराची होते. वर्षभर ती या दहा मिनिटांत नुसती ऐकत होती. गणपतीनंतर एकदा उभी राहिली आणि "मला समजलं नाही, परत सांगा" असं स्पष्ट म्हणाली. त्या दिवशी मला बरं वाटलं. फार दिवसांनी वाटलं.

तुळशीचं लग्न झालं आणि लगेच तिला बघायला राधानगरीकडचे पाव्हणे आले. मुलगा चांगला, दुधाचा धंदा. सयाजींनी एवढं मात्र विचारलं की पोरीला शिकायची हौस आहे, पुढं शिकवणार का. मुलाचे चुलते म्हणाले, "शिकू दे की. आमी काय नको म्हंतोय? लगीन झाल्यावर बघू." सगळ्यांनी माना डोलावल्या. आणि पोह्यांचा ट्रे हातात घेतलेली ही मुलगी तिथल्या तिथं मोठ्यानं म्हणाली, "मला समजलं न्हाय. परत सांगा."

चुलत्यांना वाटलं ऐकू आलं नसेल. त्यांनी परत सांगितलं. ही परत म्हणाली, समजलं नाही. बघू म्हणजे कधी, कुठल्या कॉलेजात, ते सांगा. आणि बसेना. नियमच तसा आहे ना, उत्तर मिळेपर्यंत बसायचं नाही. तिला उद्धटपणा करायचा नव्हता रे. तिनं फक्त शाळेत शिकवलं तसं केलं. चुलत्यांनी तिसऱ्यांदा सांगायला तोंड उघडलं आणि त्यांच्याजवळ सांगायला काही नाही हे खोलीतल्या सगळ्यांना एकदमच कळलं. पाव्हणे चहा पिऊन उठले.

दुसऱ्या दिवशी सयाजी शाळेत. आमचे प्राचार्य राजवर्धन सर खुर्चीत, मी कोपऱ्यात उभी.

"बाई, तुमी पोरीस्नी शिकवताय का बिघडवताय? माझ्या दारातनं पावणं उठून गेलं. आता गावात तोंड कसं दाखवू सांगा."

मी म्हटलं, "सयाजीराव, तिनं काय वाईट विचारलं?"

"इचारलं न्हाय वाईट. पर इचारलं." एवढं बोलून ते गेले.

राजवर्धन सर वयानं माझ्यापेक्षा लहान, वाईट माणूस नाही. त्यांच्यामागे संस्थेचा निकालाचा लकडा असतो. ते म्हणाले, "बाई, त्या दहा मिनिटांत प्रवेश परीक्षेचे प्रश्न सोडवून घ्या. कुणी तक्रार करणार नाही." मी वाद घातला नाही. पन्नाशी झाल्यावर वाद घालायला आधी पाणी प्यावं लागतं आणि त्या खोलीत पाणी नव्हतं. बरं म्हणाले आणि बाहेर आले.

निशिगंधा परत पहिल्यासारखी झालीये. हजेरी घेताना मला तिच्याकडे बघून खूण करावी लागते. मी तिला हे शिकवायला नको होतं का, असं सारखं मनात येतं. तुला काय वाटतं, हे मी कुठल्या हक्कानं विचारू.

आक्का


कोल्हापूर
१९ जानेवारी २०२५

प्रिय अभिनंदन,

तुझा फोन आला तेव्हा मी एस.टी.त दांडीला धरून उभी होते, एका हातात पिशवी. नंबर तुझा नेहमीचा नव्हता, अनोळखी म्हणून आधी उचलणारच नव्हते.

"आक्का, लिहून घे," म्हणालास. इतक्या वर्षांनी पहिलं वाक्य हे. "कॉलेजात चुकीच्या वर्गात जाऊन बसलात, तर काय कराल?"

मी वेड्यासारखं विचारलं, हा प्रश्न कुणाचा.

"माझा. हजेरीत माझं नाव यायचं न्हाई. दुसऱ्याच शाखेचा वर्ग होता. पहिल्या दिवशी उठलो न्हाई, मग दुसऱ्या दिवशी कसं उठणार? पंधरा दिवस बसलो. मग जायचंच बंद केलं." आणि फोन ठेवलास.

कंडक्टर सुटे पैसे मागत होता आणि मी रडत होते. त्याला वाटलं गर्दीत कुणी पाकीट मारलं. एवढ्यासाठी, अभिनंदन? एका बाकावरून उठायचं होतं, तेवढ्यासाठी तू आम्हाला इतकी वर्षं दिसला नाहीस? मी हे रागानं लिहीत नाही. मला फार वाईट वाटतं. त्या वर्गात तुझ्या शेजारी कुणीतरी बसलं असेलच की. त्यालाही कळलं नसेल.

आणि ते प्रशिक्षणाचं मी उगीच लिहिलं होतं. असलं प्रशिक्षण कुणी देत नाही. दिवाळीपर्यंत परत आलेलं पहिलं पोर मी आपल्याच घरात बघितलं होतं, तेव्हापासून ते डोक्यात होतं. कारण तेवढं माहीत नव्हतं.

आता पुढचं ऐक. दहा मिनिटं वर्गात बंद झाली, म्हणून मी एक गाडी आधी निघते आणि शाळेची घंटा व्हायच्या आधी वर्ग उघडते. ज्याला यायचं त्यानं यावं. राजवर्धन सर बघून न बघितल्यासारखं करतात. घरून निघताना अंधार असतो, गुडघे कुरकुरतात, आणि रोज वाटतं की उद्यापासून बंद करू. थोडीच पोरं येतात. निशिगंधा येते, पण बोलत नाही.

तुझा प्रश्न मी मंगळवारी फळ्यावर लिहिला आणि वळले तर दारात सयाजी. ते चप्पल काढून आत आले आणि म्हणाले, "भांडाय आलो न्हाय. पोरगी घरात बोलायची बंद झालीया. हितं काय करता त्ये बघू तरी." आणि शेवटच्या बाकावर जाऊन बसले. गुडघे बाकाखाली मावत नव्हते.

यशराज म्हणून एक वाचाळ पोरगा आहे. तो म्हणाला, "मी बसून राहीन बाई. मधनंच उठलं की समदी बघणार. तास संपला की गुपचूप सटकायचं." बाकीच्यांनी माना हलवल्या. मी म्हटलं, आणि दुसऱ्या दिवशी?

मग निशिगंधा उभी राहिली. "मी उठीन."

"आणि?"

"आणि इचारीन, ह्यो कुठला वर्ग."

"सगळे हसले तर?"

"हसू देत की बाई. चुकीच्या गाडीत बसलो तर आपुन उतरतोच की. बसून राहिलं तर भलत्याच गावाला जाणार."

वर्ग हसला. तेवढ्यात मागं बाक करकरला. सयाजी उभे राहिले होते. हात जोडावेत का खिशात घालावेत ते त्यांना कळत नव्हतं.

"बाई, माझं बी एक हाय. मला समजलं न्हाय. ही हितं एवढी बोलती. घरात सतरा वर्सं झाली, मी हिचा आवाज ऐकला न्हाय. त्ये का?"

ते माझ्याकडे बघत होते, पण उत्तर माझं नव्हतं. कुणी हसलं नाही, यशराजसुद्धा. नियम सयाजींना कुणी सांगितला नव्हता, तरी ते खाली बसले नाहीत. शेवटी निशिगंधाच म्हणाली, "घरात कुणी इचारलंच न्हाय, पप्पा." मग ते बसले. घंटा झाली आणि मी मुलांना पुस्तकं काढायला सांगितली.

लग्नाचं पुढं ढकलतो म्हणालेत. रद्द नाही, पुढं. कॉलेजचं अजून काही नाही. तेवढं तरी झालं.

आक्का


कोल्हापूर
१५ जून २०२५

प्रिय अभिनंदन,

तू मधे दोनदा फोन केलास आणि दोन्ही वेळा मी "अण्णा बरे आहेत" म्हणाले. ते खरं नव्हतं. दिवाळीनंतर त्यांना झटका येऊन गेला. उजवा हात चालत नाही, बस्तीत जाणं बंद झालं, पेपर मी वाचून दाखवते आणि शिव्याही आता अर्ध्याच देतात. तुला कळवलं नाही, कारण तू आजारी माणसाला बघायला यावंस असं मला नको होतं. तसा तू आईच्या वेळी येऊन गेलास. मला तू अण्णांकडे यायला हवा होतास.

थकले आहे रे. शाळा, मग अण्णांचं अंघोळपाणी, मग गाडी. घरी पोचते तेव्हा भाजी चिरायचा विळासुद्धा जड लागतो.

निशिगंधाला उत्तम मार्क पडले. सयाजींनी पेढे आणले, पण नाव घालायचं काढेनात. प्रवेशाची मुदत सरत आली तसे एका संध्याकाळी अण्णांच्या घरीच आले. मी अण्णांना भात भरवत होते. ते उंबऱ्यातच बसले.

"बाई, कॉलेजात धाडायला माझं न्हाय म्हणणं न्हाय. पर दोन म्हैन्यात परत आली तर? लगीन बी मोडलं आन् कॉलेज बी. लोक काय म्हणतील?"

मी म्हटलं, "परत आली तर आधी तिला विचारा, का आलीस. ओरडून नको, शेजारी बसून विचारा. लोकांचं नंतर बघू. आणि जाताना स्टँडवर हारबीर घालू नका. हार घातला की परत यायची वाट बंद होते."

हे मी कुणाला ऐकवत होते ते तुला कळलं असेल. अण्णा घास तोंडात धरून माझ्याकडे बघत राहिले. मी त्यांच्याकडे बघितलं नाही. सयाजी म्हणाले, "हार कशाला वो, मीच जातो की संगट बसमधनं." दोन दिवसांनी जाऊन नाव घालून आले.

मला वाटलं होतं मी आनंदानं उड्या मारेन. त्या रात्री न जेवता झोपले, एवढंच.

आक्का


कोल्हापूर
३ ऑगस्ट २०२५

प्रिय अभिनंदन,

परवा दुपारी शाळा सुटल्यावर अण्णांचे पाय चेपत बसले होते आणि निशिगंधाचा फोन आला. कॉलेज सुरू होऊन काही दिवस झाले होते, म्हणून माझ्या मनात आधी वाईटच आलं. दिवाळी तर अजून लांब होती. पाय चेपायचे थांबू नयेत म्हणून फोन स्पीकरवर टाकून गादीवर ठेवला.

"बाई, आज फजिती झाली," म्हणाली. खोल्यांचे नंबर बदलले होते आणि ही जुन्या खोलीत जाऊन बसली. मॅडम शिकवायला लागल्या. हिशेब, बाजारभाव, असलं काहीतरी. पोरगी शास्त्राची. हजेरी झाली, नाव आलं नाही.

मी चेपायची थांबले.

"मग?"

"मग काय? उठले की. म्हटलं, मॅडम, मला समजलं नाही, हा वर्ग कुठला? समदी हसली बाई. मला बी हसू आलं. मॅडमनी जिना दाखवला. वरच्या मजल्यावर गेले, तास चालू झालता. आत घेतलं." आणि मग जरा थांबून म्हणाली, "पाय लई थरथरत होते. पर ते कुणाला दिसत न्हाय, व्हय की न्हाय?"

मी नाही म्हणाले, दिसत नाही. तिचे पप्पा काय म्हणाले विचारलं, तर म्हणाली, "त्यास्नी रोज सांगावं लागतं, आज काय झालं ते. जेवताना इचारत्यात." फोन ठेवला.

अण्णांनी सगळं ऐकलं होतं. "कोण गं ती?" म्हणाले. सांगितलं. "चुकीच्या वर्गात बसली व्हय," म्हणाले आणि डाव्या हातानं चादर ओढायला लागले. मी विचार केला नाही. केला असता तर तुझ्या परवानगीची वाट बघत बसले असते आणि ती आपल्या घराची पद्धतच आहे. मी त्यांना सांगून टाकलं. पुणं, दुसऱ्या शाखेचा वर्ग, हजेरीत न येणारं नाव, पंधरा दिवस. तू पोटाच्या दुखण्यानं परत आलास असं त्यांनी सगळ्या गावाला सांगितलं होतं, आणि सांगून सांगून त्यांना स्वतःलाही ते खरं वाटायला लागलं होतं.

चादर ओढणारा हात थांबला. मला भीती वाटली की परत झटका येतोय का. चिमणाबाई पाणी घेऊन आल्या, ते प्यायले नाहीत.

अभिनंदन, तुला अण्णा माहीत आहेत. दुकानदारानं चुकीचा हिशेब सांगितला तरी 'कळलं कळलं' म्हणणारा माणूस. डॉक्टरांपुढेसुद्धा एखादी गोष्ट कळली नाही असं त्यांनी आजवर कबूल केलं नाही. ते उठून बसायला धडपडले. मी पाठीला हात दिला. जीभ जड झालीये, म्हणून प्रत्येक शब्द वेगळा काढून, पण मोठ्यानं म्हणाले,

"मला समजलं न्हाय. त्येला म्हणावं, परत सांग. हितं येऊन सांग."

मी म्हटलं, अण्णा, आता पडा, पाठ दुखेल. तर म्हणाले, न्हाय. आणि तसेच बसून राहिले. नियम त्यांना माहीत असायचं कारण नाही. शेवटी मी आणि चिमणाबाईंनी मिळून त्यांना आडवं केलं. काल परत तेच, शाळेतून आले तर भिंतीला टेकून बसलेले. आजही.

क्षमावणीला अजून महिना आहे. यंदा मी तुला कार्ड पाठवणार नाही. बंगळूरहून रात्रीची गाडी सकाळी कोल्हापूरला पोचते, स्टँडवरून हुपरीची एस.टी. मिळते. स्टँडवर कुणी येणार नाही, मी कुणाला सांगितलेलं नाही. दुपारी ते जागे असतात आणि मागचं दार उघडंच असतं.

तुझी,
आक्का